तळ्यात की माळावर

माणसाचा ताप जिभेखाली मोजतात, जनावराचा शेपटीखाली. माझी सगळी नोकरी या दुसऱ्या कामात गेली. लग्नात किंवा बारशात माझी ओळख करून देणारा माणूस "हे साळवे डॉक्टर" म्हणून थांबायचा आणि मग आवाज खाली आणून "ढोरांचे" अशी पुरवणी जोडायचा. बायको हिरमुसायची. मी मुद्दाम मोठ्यानं सांगायचो, होय, ढोरांचाच! माणसांचा डॉक्टर विचारतो काय होतंय, आणि पेशंट घडाघडा सगळं सांगतो. त्यात कसली आलीय हुशारी? आमचा पेशंट बोलत नाही, जमलं तर लाथ मारतो, आणि तरी त्याचं दुखणं ओळखावं लागतं.

संपादकांनी नोकरीतलं काहीतरी लिहा म्हटल्यावर मी त्यांना आधीच सांगून टाकलं की बदल्यांची जंत्री मी देणार नाही. ती सुरू झाली की आमच्या घरातलेसुद्धा उठून जातात. मला सांगायचंय ते उन्हाबद्दल. एकच ऊन, एकच जिल्हा, आणि तरी एका गावात जनावर तगतं आणि शेजारच्या गावात कोसळतं, ते का, एवढंच.

मी होतो जिल्ह्याच्या सहकारी दूध संघाचा डॉक्टर. गावागावात दूध संस्था असतात, सकाळ-संध्याकाळ लोक तिथं चरव्या घेऊन येतात, संस्थेचं दूध संघाच्या टेम्पोत जातं. संस्थेच्या सभासदाचं जनावर आजारी पडलं की संघाचा डॉक्टर जायचा, म्हणजे मी जायचो, फटफटीवर, मागे औषधांची पेटी बांधून. सगळी शिक्षणं झाल्यावर जी एक गोष्ट मी खऱ्या अर्थानं शिकलो ती अशी, की जनावराचं तोंड बघू नये, त्याचा जबडा बघावा. जबडा हलत असेल, म्हणजे जनावर रवंथ करत असेल, तर पेटी उघडायची गरज नाही. सुखात असलेली गाय बसते आणि रवंथ करते. रवंथ थांबली की समजायचं, काहीतरी बिनसलंय.

दुसरी गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. गाईच्या पोटात बारा महिने चूल पेटलेली असते. कडबा काही सहज पचत नाही, तो आत कुजतो, आंबतो, आणि त्याची ऊब होते. म्हणून थंडीत गाय मजेत असते आणि तुम्ही-आम्ही कुडकुडतो. उन्हाळ्यात मात्र तिला आतून चूल आणि बाहेरून ऊन, अशी दोन्हीकडून आच लागते. म्हशीचे तर त्याहून हाल. कातडी काळी, घाम बेताचा, डुंबायला पाणी नाही. तेव्हा ज्याला जनावरं सांभाळायचीत त्यानं गोळ्या-इंजेक्शनं शिकण्याआधी गाव कुठं वसलंय ते बघावं. डोंगर कुठल्या बाजूला, वारं कुठून येतं, जमीन काळी की मुरमाड, पाणी खरंच आहे की नुसतं त्याचं नाव उरलंय.

परळीचे एक अप्पा होते, किराण्याचे व्यापारी. हौसेनं म्हशी पाळायचे. त्यांनी एकाच बाजारातून दोन म्हशी आणल्या, सख्ख्या बहिणी शोभाव्यात अशा. एक स्वतःकडं ठेवली, दुसरी अंबाजोगाईच्या मेव्हण्याला दिली. पेंड तीच, सरकी तीच. उन्हाळा लागला आणि अप्पांची म्हैस आटत चालली, मेव्हण्याची मात्र भरभरून देत होती. अप्पांनी मला बोलावलं ते म्हशीसाठी नाहीच.

"साहेब, मेव्हणा दुधात पानी घालतोय," अप्पा म्हणाले. "मला फकस्त तुमच्या तोंडून ऐकायचंय. मंग बघतो त्याच्याकडं."

मी दोन्हीकडं जाऊन आलो. परळी डोंगराच्या पायथ्याला. डोंगर पाठीशी असला की माणसाला बरं वाटतं, पण उन्हाळ्यात तो दगड दिवसभर तापतो आणि वाऱ्याला आडवा येतो. त्यात अप्पांचा गोठा बाजारपेठेच्या मध्ये, चहूबाजूंनी पत्र्याची गोदामं, समोर डांबरी रस्ता. अंबाजोगाई घाट चढून वर, बालाघाटाच्या पठारावर. उंचीवर हवा मुळात जरा उतरलेली, शिवाय वारं मोकळं. मेव्हण्याचा गोठा गावाबाहेर लिंबाखाली. मी अप्पांना हे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी पडेल आवाजात विचारलं, "म्हंजी मेव्हणा पानी घालत न्हाई म्हनता?"

मी नाही म्हणालो. अप्पा इतके नाराज झाले की त्यांनी चहासुद्धा अर्धाच पाजला. पण पुढच्या उन्हाळ्यात त्यांची म्हैस चैत्रातच घाट चढून माहेरपणाला गेली हे मला कळलं, आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

आता खरी गोष्ट. एका मोठ्या दुष्काळात शिरूर कासारकडच्या एका गावच्या दूध संस्थेला चारा छावणी मिळाली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. दुष्काळात गावात चारा-पाणी संपतं तेव्हा एखादी संस्था पुढं होते, मोकळ्या जागेवर दावणी पाडते, आसपासच्या गावांतली जनावरं तिथं येतात. चाऱ्याला उसाचे वाढे येतात, पाण्याचा टँकर येतो. जनावरासोबत घरातलं एक माणूसही येतं आणि तिथंच चूल मांडतं. छावणी म्हणजे हां हां म्हणता उठलेलं एक शहरच असतं. तिला गल्ल्या असतात, आळ्या असतात, भांडणं असतात, चहाची टपरी असते. आणि शहरासारखीच तिची स्वतःची एक हवा असते. गाव वसवताना आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्पिढ्या घालवल्या, छावणीची जागा मात्र चहा पिता पिता ठरते.

इथली जागा ठरली ती तळ्यात. म्हणजे पाझर तलावाच्या पोटात. तलाव कोरडा ठणठणीत होता, तळाची काळी माती भेगाळून तिच्यात हात जाईल एवढ्या फटी पडल्या होत्या. तरी सगळ्यांचं एकमत, तळंच बरं. आमच्या मुलखात तळं म्हटलं की माणसाचा जीव तिकडं ओढ घेतो. पाणी असो वा नसो, तिथं गारवा असणार हे आम्ही धरूनच चालतो. त्यात काठावर साती आसरांचं ठाणं होतं, शेंदूर लावलेले दगड एका ओळीत मांडलेले. आसरा या पाण्याच्या देवता, त्यांच्या पायाशी जनावर राहिलं तर तगतं अशी लोकांची श्रद्धा. टँकरलाही उतार सोयीचा. संस्थेचे चेअरमन आबा म्हणाले, "साळवेसाहेब, लोकाला तळं दिसलं की धीर येतो. दुष्काळात धीर बी चाऱ्यावानीच लागतो." हे म्हणणं काही अगदीच खोटं नव्हतं. तेव्हा माघाची थंडी होती, उन्हाचा विचार कुणाच्या डोक्यात नव्हता, आणि माझं मत कुणी विचारलंही नाही.

पहिली तक्रार थंडीचीच आली. पहाटे वासरं खोकायला लागली. खोलगट जागेची ही एक गंमत आहे, गार हवा जड असते, ती उतारानं ओघळत येते आणि खोलात साचून बसते. तीच जागा उन्हाळ्यात दुपारी भट्टी होते, कारण मग वारं तिच्यात उतरत नाही. आमच्या तळ्याच्या पूर्वेला मातीची उंच पाळ होती आणि पश्चिमेला मुरमाड माळ. उन्हाळ्यात आमच्याकडं दुपारनंतर वारं येतं ते पश्चिमेचं. ते माळावरून सरळ पाळीवर जायचं, छावणीच्या डोक्यावरून. खाली पत्र्याच्या शेडांत पान हलत नव्हतं. समुद्रकाठच्या गावांना ही अडचण नसते. समुद्र उन्हाळाही मऊ करतो आणि हिवाळाही. आमच्यापासून समुद्र लांब, मधे सह्याद्री आडवा, पावसाचे ढग तो अलीकडं येऊच देत नाही. आमच्या पदरात पडतं ते दोन्ही टोकांचं.

चैत्रात जनावरं धापा टाकायला लागली. जिभा बाहेर, लाळ गळतेय, पाटीत वाढे तसेच पडून. एक म्हैस दुपारी कोसळली ती उठली नाही. मग एक बैलही गेला. छावणीत बोभाटा झाला, साथ आली. कुणी म्हणे, आसरा कोपल्या. बायकांनी आसरांना हिरवा खण वाहिला, दहीभात ठेवला. मी आसरांबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यांचंही तळं आटलंच होतं की.

मी थर्मामीटर घेऊन दावणीला लागलो. पहाटे ताप घ्यायचा, टळटळीत दुपारी पुन्हा त्याच जनावराचा घ्यायचा. पहाटे सगळी बरी. दुपारी सगळी तापलेली. मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. साथीचा ताप सूर्याकडं बघून चढत-उतरत नाही. जनावरं आजारी नव्हतीच. आजारी होती जागा.

मी आबांना म्हणालो, "आबा, छावणी माळावर न्यायची."

आबा मिशीवरचा हात खाली घेऊन म्हणाले, "त्या माळावर कुसळ बी उगवत न्हाई, साहेब. झाडाचं नाव न्हाई. लोकं मला येड्यात काढतील."

"सावली आपण करू. वारं आपल्याला करता येत नाही, ते तिथं आहे."

आबा वाईट माणूस नव्हते, पण राजकारणातले होते, लोक हो म्हणेपर्यंत ते नाहीही म्हणत नसत. त्यांनी सभा बोलावली. दूध संकलनाच्या शेडमध्ये सगळे जमले. मी सगळं मांडलं. काळी माती ऊन पिते आणि परत ओकते, पत्रा तापला की खालचं जनावर तव्याखाली बसल्यासारखं होतं, वारं कसं डोक्यावरून जातं. लोक ऐकत होते, पण माझं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

तेव्हा बायकांमधून कौसाबाई उठली. ही सत्तरीची, काटक, पदर खोचलेली. तिचा मुलगा आणि सून बैल घेऊन ऊसतोडीला गेले होते, आणि घरातली एकुलती एक गाय, चंद्री, म्हातारीच्या हवाली करून गेले होते. चंद्री गाभण होती, दिवस भरत आले होते. तिचं दूध सुरू होईल तेव्हाच घराला काही हाताशी येणार होतं. छावणीत कौसाबाईच्या शब्दाला चेअरमनपेक्षा जास्त वजन होतं, कारण ती कुणाचीच भीडभाड ठेवत नसे.

"डाक्टर, तुमी शिकल्यालं हायसा," ती म्हणाली, "पर माळावर झळा लागत्यात हे तुमाला कुनी सांगितलं न्हाई का? माजी चंद्री दोन जिवाची हाय. पोराला मी शबूद दिलाय, तू येईस्तोर हिला जपते म्हनून. तिथं तिला काय झालं तर तुमी देनार का जीव तिला? कावून न्यायची तिला त्या उघड्या बोडक्यावर?"

"मावशी, झळांना ओल्या पोत्याचे पडदे लावू. इथं राहिली तर..."

"इथं ऱ्हाईली तर आसरा बघतील. न्हाई तर बाजार हायच."

बाजार म्हणजे काय ते शेडमधल्या सगळ्यांना ठाऊक होतं. दुष्काळातल्या बाजारात जनावर नेलं की ते मातीमोल जातं, आणि पाऊस पडल्यावर दावणीला दोरी तेवढी उरते. ना पेरायला बैल, ना संस्थेला दूध. माणसं मागच्या रांगेत कुजबुजत होती, चार-दोन जणांनी येत्या बाजाराला निघायचं नक्कीच केलेलं दिसत होतं. एकदा ती रांग लागली की छावणी मोडली, संस्था मोडली, आणि कौसाबाईची चंद्रीही त्याच वाटेनं जाणार.

मी पुन्हा थर्मामीटर बाहेर काढला. कौसाबाईनं हातानंच थांबवलं. "ते यंतर ठिवा पेटीत. जनावराला इचारा. पूर्वी गुराख्यानं गोठाण कसं धरलं? गुरं सोडायची अन् ती जिथं बसून रवंथ करतील तिथं गोठाण. तुमी माळावर सावली करा. दुपारी दावी सोडू. जिथं बसतील तिथं छावणी. हाय कबूल?"

शेडमध्ये सगळे एकदम बोलायला लागले, कबूल, कबूल! आबांना तर देव पावल्यासारखं झालं. निर्णय जनावरांवर गेला, त्यांच्यावर आला नाही. मी कबूल म्हणालो खरा, पण जनावर सवयीचं गुलाम असतं हे मला चांगलं माहीत होतं. ज्या दावणीला ते महिनोन्महिने खातं, ती आगीत असली तरी तिथंच वळतं. गोठाणाची रीत मोकळ्या रानातल्या गुरांची, दावणीच्या गुरांची नव्हे. पण मागे फिरणं शक्य नव्हतं.

मग आम्ही छप्पर उभारायला लागलो. खांबांवर आडव्या तुराट्या, वर उसाचं पाचट चांगलं हातभर जाड. पत्रा मी एकही घेऊ दिला नाही. छपराची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन फक्त टोकाकडून शिरतं, सगळ्या दावणीवर पडत नाही. पश्चिमेच्या टोकाला पोत्याचे पडदे. उरला टँकर. ड्रायव्हर बाबूभाई, बीडचा, तोंडात कायम सुपारी. मी त्याला माळ दाखवला. त्यानं एकदा चढाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"साब, खाली गाडी कहीं बी जाती," तो म्हणाला. "भरी गाडी को रस्ता होना."

भरल्या टँकरपुरता रस्ता गावच्या पोरांनी मुरूम टाकून केला, आणि त्यात आबा स्वतः टिकाव घेऊन उतरले हे मला नमूद केलंच पाहिजे. पहिला टँकर चढला तेव्हा बाबूभाईनं वरून हॉर्न असा वाजवला की खालची म्हसरं बुजली.

ठरलेल्या दिवशी जनावरांना पाणी पाजलं आणि ऊन डोक्यावर आल्यावर दावी सोडली. वैरण कुठंच टाकली नव्हती, ना तळ्यात ना माळावर, म्हणजे लालूच नको. सगळं गाव पाळीवर चढून बसलं होतं. जत्रेत कुस्ती बघायला बसतात तसं.

जनावरं मोकळी झाली, थोडी इकडं-तिकडं हिंडली, आणि एकेक करून आपापल्या जागी, पत्र्याखाली जाऊन उभी राहिली. पाळीवर हशा पिकला. कौसाबाईनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, फक्त तंबाखूची चिमूट तोंडात टाकली. बाजूला एक जण मला ऐकू येईल असं म्हणाला, "आरं, डाक्टरला आता बांधा दावनीला."

पण मी जबड्यांकडं बघत होतो. एकही जबडा हलत नव्हता. एकही जनावर बसलं नव्हतं. उभ्या उभ्या धापा टाकत होती. आता फक्त वाऱ्याची वाट बघायची होती, आणि वारं काही माझ्या संघाच्या नोकरीत नव्हतं.

सावल्या किंचित कलल्या आणि माळावरच्या पाचटाची टोकं फडफडली. आम्हाला पाळीवर वारं लागलं, बायकांनी पदर सावरले. खाली तळ्यात काहीच हललं नाही. पण पत्र्याखाली एका गाईनं मान वर केली, नाक वर धरलं, आणि ती शेडबाहेर आली. पोट दोन्ही बाजूंना लोंबलेलं, चाल जड. ती माळाच्या दिशेनं निघाली.

"अगं ये मुडद्ये, कुठं निघालीस?" कौसाबाई ओरडली. ती चंद्री होती.

कौसाबाई पाळीवरून उतरून पळत सुटली, हातात काठी. चंद्री थांबली नाही. मुरमाच्या नव्या रस्त्यावरून ती पावलापावलानं चढत होती, मध्येच थांबून दम घेत होती, पुन्हा निघत होती. मी मागोमाग गेलो. मला भीती एकच, चढात गाय बसली तर गाभण्या जनावराचं काय होईल? त्या क्षणी माझं बरोबर ठरलं काय आणि चूक ठरलं काय, याचं मला काही वाटत नव्हतं. फक्त ही गाय वर पोचू दे, एवढंच मनात होतं.

चंद्री वर पोचली. छपराखाली शिरली, जमीन हुंगली, एक गिरकी घेतली, पुढचे गुडघे टेकले आणि बसली. थोडा वेळ नुसती बसून राहिली. मग गळ्यातून एक गोळा वर आला, आणि तिचा जबडा हलायला लागला. डावीकडून उजवीकडं, संथ, लयीत. मी इतकी वर्षं हजारदा पाहिलेलं दृश्य, पण त्या दिवशी माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

कौसाबाई तिच्याशेजारी उभी राहिली. तिचा पदर वाऱ्यानं डोक्यावरून उडाला, तिनं तो सावरला नाही. धाप लागली होती. तशीच म्हणाली, "लई ग्वाड वारं हाय, डाक्टर."

एवढं बोलून ती उतरली आणि आपलं अंथरूण, चूल, हंडा घेऊन वर यायला लागली. तिच्या मागे खालची जनावरं एकेक करून निघाली होती, काही आपल्या पायानं, काही मालकांनी ओढून. आबा पाळीवरून मोठ्यानं सांगत होते की आपण हे पहिल्यापासूनच म्हणत होतो. म्हणू दिलं.

त्यानंतर उन्हानं त्या छावणीत एकही जनावर गेलं नाही. हे वाक्य मी माझ्या हातानं लिहितोय आणि लिहिताना छाती फुगतेय, ती मी लपवणार नाही. वैशाखात माळावर चंद्री व्याली. कालवड झाली. ऊसतोडीवरून परत आलेला कौसाबाईचा मुलगा छावणीत शिरला तेव्हा म्हातारीनं त्याला आधी पाणीही दिलं नाही, हाताला धरून कालवडीसमोर उभं केलं आणि म्हणाली, "हे बघ, शबूद पाळलाय." पाऊस झाल्यावर छावणी मोडली, जनावरं आपापल्या गावी गेली. बैल पेरणीला जुंपले गेले, संस्थेचं संकलन पुन्हा सुरू झालं. संघात कुणी माझा सत्कार वगैरे केला नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्याची आठवणही झाली नाही.

नोकरीत असतानाच मी बीडला बिऱ्हाड केलं आणि निवृत्तीनंतर तिथंच राहिलो. मुलांची शिक्षणं, बायकोची शाळेतली नोकरी. सहकारी गृहनिर्माण संस्थेत प्लॉट मिळाला तो बिंदुसरा नदीच्या काठाकडचा, सखल भागातला. बीड मुळातच डोंगर उतरून आल्यावरचं गाव. दक्षिणेला बालाघाट. मांजरसुंब्याचा घाट चढून नेकनूरकडं जा, एसटीच्या खिडकीतून येणारं वारंच वेगळं लागतं. उतरून बीडमध्ये या, पुन्हा धग. नदी वर्षातले बरेच दिवस नावापुरती. आम्ही बांधलं तेव्हा आजूबाजूला लिंब होते. मग लोकांनी मजल्यावर मजले चढवले, लिंब गेले, रस्ता सिमेंटचा झाला. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि आमच्या जेवणाच्या वेळेला परत ओकतो. आम्ही पंखा लावतो, कूलर लावतो, आणि बीड किती तापतंय हो, असं एकमेकांना सांगतो.

गेल्या उन्हाळ्यात कौसाबाई आली. डोळ्यांच्या तपासणीसाठी नातवासोबत दवाखान्यात आली होती, पत्ता विचारत विचारत घरी पोचली. वाकलीय आता, पण जीभ तशीच. चंद्रीच्या कालवडीची नात आता दुभती आहे, हे तिनं चपला काढायच्या आधी सांगितलं. दुपारची वेळ. बायकोनं सरबत केलं. कौसाबाईनं घोट घेतला, पदरानं गळा पुसला, मान वर करून स्लॅब बघितला. मग खिडकीशी गेली. बाहेर शेजारच्या बंगल्याची भिंत होती. तिनं खिडकीतून हात बाहेर काढला आणि तळवा तसाच धरून ठेवला. वारं बघत होती.

हात आत घेऊन ती माझ्याकडं वळली.

"डाक्टर," ती म्हणाली, "जनावरं माळावर नेलीत, अन् सोता तळ्यात येऊन बसलात व्हय?"

बायको पोट धरून हसली. माझीच विद्या त्या म्हातारीनं माझ्याच दिवाणखान्यात माझ्यावर चालवली होती, अगदी बिनचूक. एवढ्या वर्षांच्या नोकरीत यापेक्षा मोठं शिफारसपत्र मला कुणी दिलेलं नाही.